सरकार गाडीपाशीच आहेत

आयुष्यात आपण एकाही माणसाला तिष्ठत ठेवलेलं नाही, हे ताई कुणाच्याही तोंडावर सांगू शकत असत, आणि सांगतही. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई. बोर्डावर दिवा लागला की चार मोजायच्या आत "नंबर प्लीज" म्हणायचं, असा तिथला नियम. ताई दोनातच म्हणत. त्या काळचे नंबर चार आकडी. गोदामाचा बावीस एक्केचाळीस, आगीच्या बंबाचा तेहेतीस शून्य तीन, हे ताईंना एकोणसत्तराव्या वर्षीही झोपेत विचारावं. स्वतःच्या यजमानांचा मोबाइल नंबर मात्र त्यांना येत नसे. "तो फोनच लक्षात ठेवतो, मग मी कशाला डोकं शिणवू?" असं त्यांचं म्हणणं.

तर त्या मंगळवारी सव्वाअकराला ताईंच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं, नोंदणी कचेरीत.

धाकटी बासष्टची. नवरदेव सहासष्टचे, हवामान खात्यातून निवृत्त. दोघंही आपापल्या घरी एकटी उरलेली. रक्त तपासायच्या रांगेत उपाशीपोटी एकमेकांसमोर आली आणि एकेचाळीस वर्षांनी ओळख पटली. ओळख पटली म्हणजे, जुनी होती. आणि ती जिथे तुटली तिथे प्लग ताईंच्या हातात होता.

तेव्हा घरी फोन नव्हता. हे हवामानवाले लांबच्या एका वेधशाळेत नेमणुकीवर. त्यांनी धाकटीच्या नावाने ट्रंक कॉल लावला आणि धाकटी एक्स्चेंजच्या हॉलमधल्या लाकडी केबिनमध्ये जाऊन बसली. बोर्डावर ताई. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा. तीन मिनिटं झाली की ऑपरेटरने तसं सांगायचं, आणि पलीकडच्याने "वाढवा" म्हटलं तर आणखी तीन मिनिटं द्यायची. त्या भल्या माणसाने पहिली अडीच मिनिटं तिथल्या ढगांविषयी सांगण्यात घालवली. मग नुसताच घसा खाकरला. ताईंनी घड्याळाकडे पाहून "तीन मिनिटं झाली" म्हटलं. पलीकडून शब्द नाही. ताईंनी प्लग ओढला, लाइन तुटली. बहीण असली म्हणून काय झालं? नियम म्हणजे नियम.

त्याला वाटलं, नकार मिळाला. हिला वाटलं, विचारायचंच नव्हतं. दोघांची लग्नं दोन दिशांना झाली, संसार झाले, ठीकच झाले. पण या वर्षी कधीतरी भाजी निवडता निवडता धाकटी हसत म्हणाली, "ताई, तू तेव्हा दोन सेकंद उशीर केला असतास ना, तर केवढं बरं झालं असतं." रागाने म्हणाली असती तर ताईंनी भांडून मिटवलं असतं. हसत म्हणाली, म्हणून ते आत जाऊन बसलं.

आता ताई साक्षीदार होत्या. फॉर्मवर त्यांचं नाव छापलेलं, ओळखपत्राची नक्कल जोडलेली, म्हणजे आयत्या वेळी दुसऱ्या कुणाला उभं करायची सोय नाही. कचेरी एका जोडप्याला दहा मिनिटं देणार. ती चुकली तर पुढची तारीख पाच आठवड्यांनी. धाकटीचा मुलगा महत्प्रयासाने राजी झालेला, पाच आठवड्यांत तो दहा वेळा फिरेल ही सगळ्यांना धास्ती. धाकटी आदल्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाली होती, "ताई, आता अजून वाट बघायला लावू नकोस गं."

"मी? मी कुणाला वाट बघायला लावलीय कधी?" ताई म्हणाल्या. पण फोन ठेवल्यावर त्यांनी उद्याची साडी आजच काढून ठेवली.

यजमानांचा पाय प्लास्टरमध्ये, गाडी चालवणं बंद. बसचा रस्ता खणलेला. तेव्हा जायचं ते पुतणीने दाखवलेल्या त्या नव्या सोयीने. आपापल्या कामाला निघालेली माणसं आपली गाडी घेऊन निघतात, त्याच वाटेवरच्या आणखी दोघातिघांना कंप्युटर त्या गाडीत बसवून देतो, आणि कोणी कुठे चढायचं, कुठे उतरायचं ते तोच ठरवतो. पुतणीने ही सोय काकूच्या फोनवर घातली, काकांच्याही घातली. काकांच्या फोनवर नाव लिहिताना ती खुदकन हसली होती. पण त्या वेळी ताई पलंगाजवळ तिसऱ्यांदा चहा नेऊन देत होत्या, त्यांनी लक्ष दिलं नाही.

सव्वादहाला ताईंनी गाडी मागवली. फोनवर एक गोल फिरायला लागला. "गाडी शोधत आहोत." फिरतोय, फिरतोय. एक मिनिट झालं, दीड झालं. ताईंनी फोन एकदा हलवून पाहिला.

आता एक्स्चेंजमध्ये अशा वेळी काय करत? अगदी निकडीचा कॉल असला की दोन वाटांनी लावत. एक सरळ, एक दुसऱ्या गावावरून. जो आधी लागेल तो जोडायचा, दुसऱ्या कॉलला बोर्ड आपणच सोडून देई. ताईंनी यजमानांच्या उशाचा फोन उचलला आणि त्याच्यावरूनही तीच गाडी मागवली. हेच दार, तीच कचेरी, तीच वेळ.

यजमान पलंगावरून म्हणाले, की दोन दोन करू नकोस, गोंधळ होईल. ताईंनी सांगितलं, एक लागला की दुसरा आपोआप रद्द होतो. यजमान म्हणाले, तो बोर्ड होता, हा कंप्युटर आहे. ताई म्हणाल्या, कंप्युटर बोर्डापेक्षा शहाणा असेल ना?

तेवढ्यात ताईंच्या स्वतःच्या फोनवर गाडी लागली. ताई मोकळ्या झाल्या. स्वतःच्या फोनची बॅटरी कमी दिसली म्हणून यजमानांचाही पर्समध्ये टाकला. तो कायम मुका असे. यजमानांच्या झोपेत घंटी नको म्हणून नुसता थरथरायचा.

दहा अडतीसला गाडी फाटकाशी आली. चालवणारा एक पस्तिशीचा चष्मेवाला. म्हणजे चष्मा लावणाराही, आणि चष्म्याचं दुकान असलेलाही. पुढच्या सीटवर काचांचे खोके रचलेले. मागे एक गृहस्थ आधीच बसलेले. डोक्यावरून हनुवटीखाली मफलर बांधलेला, आणि उजवा गाल असा फुगलेला की त्यांच्याबरोबर आणखी कुणी प्रवासाला निघालंय असं वाटावं. चष्मेवाल्याने ओळख करून दिली: दाढ दुखतेय, दातांच्या दवाखान्यात चाललेत, नोंदणी कचेरीच्या अलीकडेच. तोंड उघडता येत नाही. दाढवाल्यांनी मान हलवून "म्म" केलं.

ताई बसल्या, पर्स मांडीवर घेतली, आपला चार आकडी परवलीचा नंबर खणखणीत आवाजात सांगितला. चष्मेवाल्याने तो टिपला. आणि गाडी जागची हलेना.

"चला की," ताई म्हणाल्या.

"एक मिनिट हं काकू. आणखी एक प्रवासी आहेत. याच फाटकातून." त्याने समोरच्या पडद्यावर पाहिलं. "नाव... सरकार."

"सरकार?"

"तसंच लिहिलंय. ते येऊन आपला नंबर सांगेपर्यंत हा मला रस्ता दाखवत नाही."

ताईंनी काचेतून इमारतीकडे पाहिलं. चार मजले, सोळा घरं. पहिल्या मजल्यावर विमावाले, दुसऱ्यावर शिकवणीच्या बाई. तिसऱ्या मजल्यावरचे ते जाडे गृहस्थ कर कचेरीत आहेत म्हणे. तेच असणार. स्वतःला सरकार म्हणवून घेण्याची मस्ती दुसऱ्या कुणाला असायची? आणि सरकार म्हटल्यावर वेळेवर कसं यायचं? ताई स्वतः बत्तीस वर्षं सरकारी नोकरीत होत्या, पण ते त्या क्षणी त्यांना आठवलं नाही.

"सहप्रवाशासाठी तीन मिनिटं थांबा," पडद्यातून एक बाईचा आवाज आला. आवाज गोड होता, ताईंनी व्यवसायाच्या सवयीने नोंद घेतली. पण समोरच्याचं ऐकून घेण्याची पद्धत नाही. आणि तीन मिनिटं! ताईंच्या अंगावर काटाच आला.

पहिलं मिनिट त्यांनी घड्याळाकडे बघण्यात काढलं. दुसऱ्या मिनिटाला चष्मेवाल्याने सरकारना फोन लावला. लागला. घंटी वाजतेय, म्हणाला, उचलत नाहीत.

त्याच वेळी ताईंच्या मांडीला मुंग्या आल्या. सरळ गुडघ्यापर्यंत. त्यांना वाटलं, झालं, रक्तदाब. आज नको रे देवा, निदान सही होईपर्यंत नको. घंटी वाजायची थांबली तशा मुंग्याही थांबल्या. चष्मेवाल्याने पुन्हा फोन लावला. मुंग्या पुन्हा आल्या.

दाढवाले ताईंच्या पर्सकडे बघायला लागले. मग ताईंकडे. मग बोट दाखवून "म्म. म्म्म," करायला लागले.

"फार दुखतंय का हो?" ताईंना कळवळा आला. त्यांनी पर्सचा बाहेरचा कप्पा उघडून लवंग काढली आणि त्यांच्या हातात दिली. "दाढेखाली धरा. बोलू नका अजिबात."

दाढवाल्यांनी लवंगेकडे पाहिलं, डोळे मिटले.

तीन मिनिटं संपली. आता सरकारना गैरहजर लावा आणि निघा, असं ताईंनी फर्मावलं. चष्मेवाल्याने बटण दाबलं. गोड आवाज म्हणाला, "प्रवाशाला गैरहजर लावता येत नाही. सरकार गाडीपाशीच आहेत."

चष्मेवाला दचकून इकडेतिकडे पाहायला लागला. फाटकाशी कुणी नाही. रस्त्यावर एक मांजर. तो खाली उतरला, गाडीला फेरी घातली, वाकून गाडीखाली पाहिलं, आणि मग, का कुणास ठाऊक, डिकीही उघडून पाहिली. परत येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "काकू, हा म्हणतो दोन हातांवर आहेत."

ताईंचा धीर सुटत चालला होता. दहा सत्तेचाळीस. धाकटी आता कचेरीच्या बाकावर बसली असेल. आकाशी साडी. हातात रुमाल, त्याला गाठ मारतेय, सोडतेय. केबिनमध्ये अशीच बसली होती. आणि कुठल्यातरी जाड्या माणसाची आंघोळ आटपत नाही म्हणून ती पुन्हा वाट बघणार! त्यांच्या फोनवर एक प्रश्न आला होता: "सहप्रवाशाबद्दल काही सांगायचे आहे का?" सांगायचे आहे! एक्स्चेंजच्या तक्रारवहीत ताईंच्या शेऱ्यांना वरिष्ठही घाबरत. त्यांनी पाचांपैकी एकच चांदणी दिली, तीही नाइलाजाने, शून्य देता येत नव्हतं म्हणून. खाली लिहिलं: "अत्यंत बेजबाबदार इसम. दुसऱ्याच्या वेळेची किंमत नाही. अशांना पुन्हा कोणत्याही गाडीत घेऊ नये." आणि पाठवून दिलं. मन जरा हलकं झालं. फोनची बॅटरी तेवढ्यावरच संपली.

चष्मेवाल्याची वेगळी पंचाईत. प्रवासी हजर असताना निघून गेला, तर कंप्युटर त्याला पंधरा दिवस सोयीतून काढून टाकणार. त्याने हे सांगितलं, ताईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी त्याला सांगितलं की बहीण एकेचाळीस वर्षं थांबलीय. का थांबलीय तेही सांगितलं, प्लगसकट. हे त्यांनी आजवर यजमानांनाही सांगितलं नव्हतं. चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला, परत लावला.

"जाऊ दे काकू," तो म्हणाला. "पंधरा दिवस तर पंधरा दिवस." आणि त्याने गाडी सुरू केली.

दहा बावन्न. गाडी कोपऱ्यावरून वळली, मोठ्या रस्त्याला लागली. ताईंनी श्वास सोडला.

"सरकार गाडीपाशीच आहेत," गोड आवाज म्हणाला.

चष्मेवाल्याने गिअर बदलला.

दुसरा चौक गेला. "सरकार गाडीपाशीच आहेत."

चष्मेवाल्याने पडद्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज घोगरा झाला. "काकू, सरकार आपल्याबरोबर येतायत. ताशी चाळीसच्या वेगाने."

ताईंनी मागच्या काचेतून पाहिलं. मागे एक दुधाची गाडी, आणि तिचा चालक जांभई देतोय. मग तिघांचीही नजर हळूहळू वर गेली. टपाकडे. तिसऱ्या मजल्यावरचा जाडा माणूस टपावर पालथा पडून दोन्ही हातांनी कडा धरून चाललाय, असं चित्र ताईंच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. आणि आपण त्याच्याविषयी काय लिहून पाठवलं ते आठवून त्यांना कसंतरीच झालं. चष्मेवाल्याने गाडी कडेला घेतली. खाली उतरून टाचा उंचावून टप पाहिला. टपावर एक पान होतं.

"आपण वेडे झालोय का?" परत येऊन तो म्हणाला. अकराला दोन मिनिटं कमी होती. त्याने शेवटचा म्हणून पुन्हा सरकारना फोन लावला, आणि ताईंच्या मांडीला पुन्हा मुंग्या आल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

इथे दाढवाल्यांचा संयम संपला. त्यांनी लवंग खिशात टाकली, ताईंच्या मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी उचलली आणि सरळ ताईंच्या कानाला लावली.

घर्रर्र. घर्रर्र.

ताईंनी डोळे उघडले. पर्स उघडली. यजमानांचा फोन आत गांधीलमाशीसारखा थरथरत होता. सवय ही अशी असते की आधी हात चालतो, डोकं मागून येतं. ताईंनी तो कानाला लावला आणि दोन मोजायच्या आत म्हणाल्या, "नंबर प्लीज."

"हॅलो," पुढच्या सीटवरून चष्मेवाला म्हणाला, "सरकार आहेत का?"

तो आवाज ताईंना एका कानाने फोनमधून आला आणि दुसऱ्या कानाने समोरून. काचांच्या खोक्यात एक काच सरकलेली ऐकू आली. ताईंनी फोन कानावरून काढून त्याच्याकडे पाहिलं. वर ठळक अक्षरांत होतं: "सरकार, आपली गाडी दारात उभी आहे. आपला नंबर सत्तर चव्वेचाळीस."

"सत्तर चव्वेचाळीस," ताई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

चष्मेवाल्याने तो टिपला. "सरकार, आपलं स्वागत आहे," गोड आवाज म्हणाला आणि लगेच रस्ता दाखवायला लागला. दाढवाले काचेकडे तोंड करून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते. दाढेमुळे असावेत, अशी ताईंनी स्वतःची समजूत घातली.

दवाखान्याशी दाढवाले उतरले. जाताना त्यांनी लवंग परत दिली आणि महत्प्रयासाने जबडा हलवून एकच शब्द उच्चारला: "येतो, सरकार."

ताई कचेरीच्या पायऱ्या चढून वर पोचल्या तेव्हा अकरा बावीस झाले होते. दारातच कारकून घड्याळ बघत उभा. आत टेबलाशी धाकटी, आकाशी साडीत. रुमालाला सात गाठी. शेजारी हवामानवाले, टायची गाठ एका बाजूला गेलेली, आणि पलीकडे धाकटीचा मुलगा हाताची घडी घालून. ताईंना पाहिल्यावर धाकटीने नुसतं सरकून खुर्ची मोकळी केली. बोलणी खावी लागली असती तर ताईंना बरं वाटलं असतं.

"तुमच्या वाटची तीनच मिनिटं राहिलीत," कारकून म्हणाला. "साहेबांना पुढचं जोडपं घ्यायचंय."

ओळखपत्र. चष्मा. ताईंनी सही केली, घाईत पहिलं अक्षर रेषेबाहेर गेलं. नवरदेवाच्या मित्राने आणि धाकटीच्या मुलाने सही केली. साहेबांनी कागद फिरवून धाकटीपुढे ठेवला, तिने सही केली. मग हवामानवाल्यांपुढे ठेवला. त्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "आज आर्द्रता जरा जास्त आहे."

ताईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"म्हणजे पश्चिमेकडे ढग आहेत, पण..." त्यांनी घसा खाकरला. पेन हवेत.

"तीन मिनिटं झाली," कारकून म्हणाला आणि कागदाकडे हात नेला.

ताई बोलणार होत्या. तोंड उघडलंच होतं त्यांनी. पण त्याआधीच हवामानवाले ताडकन खुर्चीतून उठले आणि आख्ख्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वाढवा!"

कारकुनाचा हात जागच्या जागी थांबला. साहेबांना वाटलं, वृद्ध गृहस्थांना काही झालं. बाहेरचं जोडपं दारातून डोकावलं. कुणालाच काही कळलं नाही, दोघी बहिणी सोडून. धाकटी तोंडाला रुमाल लावून हसत होती की रडत होती, ते त्या सात गाठींमुळे नीट दिसेना. ताई मात्र घड्याळाकडे बघायचंच विसरल्या. तेवढ्या वेळात हवामानवाल्यांनी सही केली, सावकाश, पूर्ण नावानिशी.

दुपारी नव्या जोडप्याने ताईंना घरी सोडलं. ताईंनी यजमानांचा फोन उशाशी ठेवला, सगळी हकीकत सांगितली. गाडीचा भाग जरा थोडक्यात सांगितला. "गाडी किंचित उशिरा निघाली," एवढंच. मग त्या चहा ठेवायला आत गेल्या.

"अगं," पलंगावरून आवाज आला. "हे बघ काय आलंय. 'सरकार, आपल्याविषयी सहप्रवाशाची गंभीर तक्रार आली आहे. अत्यंत बेजबाबदार इसम. आपल्याला पंधरा दिवस कोणत्याही गाडीत घेतले जाणार नाही.' मला परवा प्लास्टर कापायला जायचंय. आणि मी तर तीन आठवडे या पलंगावरून उठलेलो नाही. माझ्याविषयी एवढं कुणी लिहिलं असेल गं?"

चहा उकळून वर येत होता. ताईंनी गॅस बारीक केला.

"हॅलो?" त्या आतून म्हणाल्या. "जरा मोठ्याने बोला हो. लाइन खराब आहे."